पिवळ्या कागदाचा पहिला रकाना

वरोरच्या मालूचा कुणावर विश्वास नव्हता आणि ती हे कुणापासून लपवतही नसे. बर्फाची लादी आली की भुसा बाजूला सारून ती लादी ठोकून बघायची. कंडक्टरने तिकीट दिलं की उजेडात धरायची. नवरा गणू आठ दिवसांनी बोटीवरून आला आणि "मासळीच लागली नाही" म्हणाला, तर त्याला चहा देऊन ती शेजारच्या बोटीवर चौकशी करून यायची. गणू गरीब माणूस. तो चहा पिऊन झोपून जायचा.

हा स्वभाव तिला माहेराहून मिळालेला नव्हता. तो तिला शाळेने दिला, आणि शाळेने तिला दिलेली ती एकच वस्तू टिकली. चौथीत असताना मालूला वाचता यायचं, पण एकेक अक्षर लावून. तिचा एक शब्द लागेपर्यंत बाकीच्या वर्गाचं पान उलटलेलं असे. एके दिवशी गुरुजी मोठ्या मायेने म्हणाले, "मालू, उद्या तपासणीला साहेब येणार आहेत. तू उद्या येऊ नकोस हो, घरी आराम कर." मालू उड्या मारत घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर एकटीच शिंपले वेचताना तिला उमगलं, की सुट्टी सगळ्या शाळेत फक्त तिलाच आहे. ती पुन्हा शाळेत गेली नाही आणि तिला बोलवायलाही कुणी आलं नाही. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मालू सावध व्हायची.

आणि मुलगीही तिला तिच्याचसारखी झाली, बहुतेक एक पाऊल पुढेच. रूपीची अक्षरं जागेवर राहत नसत. छत्तीस लिहायला सांगितलं तर त्रेसष्ट लिहायची, आणि ते बरोबर आहे असं शपथेवर सांगायची. सातवीपर्यंत ती कशीबशी मागच्या बाकावर बसून वर चढली. पुढे काय, हा प्रश्न होता. मालू सुके बोंबील घेऊन तलासरीच्या बाजारात बसायची. तिथे तिच्याकडून वर्षानुवर्षं बोंबील नेणारी एका पाड्यावरची नवशी तिला म्हणाली, "आमच्या पोराला ऐकू येत नाही, तरी तो दहावी झाला. चारोटीच्या अलीकडे संत मार्था शाळा आहे, सिस्टर लोकांची. सगळ्यांना घेतात." मालूने मुलाची मार्कशीट बघायला मागितली. पुढच्या बाजाराला नवशीने ती खरंच आणून दाखवली, तेव्हा कुठे रूपीचं नाव आठवीत पडलं.

मालूच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट होती. रूपीने दहावीला बसायचं, सगळ्यांबरोबर बसायचं. पास-नापास पुढचं पुढे. पण साहेब यायच्या दिवशी तिला कुणी घरी आराम करायला सांगता कामा नये.

शाळा बघून मात्र तिचा जीव शांत झाला नाही. एका बाकावर पाड्यावरचं पोर, शेजारी डहाणूच्या दुकानदाराची किंजल, कुणी चाकांच्या खुर्चीत, कुणाच्या कानात यंत्र. ख्रिस्ती मुलं वर्गात पाच-सहा. "सगळ्यांना घेतात म्हणजे काहीतरी कारण असणार," तिचा दीर चिमण म्हणाला. चिमण गावच्या नाक्यावर बसायचा आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याला आतून ठाऊक असायची. "वहिनी, मिशनची शाळा आहे. दप्तर बघत जा."

मालू महिनाभर रोज दप्तर बघत होती. वेळापत्रकात 'मूल्यशिक्षण' नावाचा एक तास सापडला आणि तिने रूपीला समोर बसवलं.

"काय शिकवतात गो त्यात?"

"दिवाळीला कंदील केले. नाताळला गोठा केला. ईदला सकिनाच्या आईने शीरखुर्मा दिला. वाघबारसेला पाड्यातले आजोबा आले होते, त्यांनी वाघाची गोष्ट सांगितली."

"आणि मग?"

"मग घंटा झाली."

मालूने पुन्हा पुन्हा विचारलं, पण घंटेच्या पुढे काही निघालं नाही. एवढं चांगलं चाललंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

एप्रिलमध्ये शाळेतून चिठ्ठी आली. नववीचं नियोजन करायचं आहे, त्यासाठी शिक्षक घरी येतील, मुलगी घरी काय काय करते ते पाहतील. मालूने ती चिठ्ठी बोट ठेवून दोनदा वाचली. शिकवायचं शाळेत, तर बघायला घरी कशाला यायचं? चिमणने लगेच उलगडा केला. "कामाला लावलेली पोरं शोधतात. वहीत नाव गेलं की केस. नाहीतर शाळेतून काढायला कारण मिळतं. तुम्ही ताकास तूर लागू देऊ नका."

आता रूपी कामाला होती का? मालूच्या मते नव्हती. ती वलांडीवर असायची, एवढंच. बांबू रोवून त्यांच्यावर दोऱ्या ताणायच्या आणि बोंबील सुकत टांगायचे, ती वलांडी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात सुईसारखे, त्यामुळे जोड्या लावणाऱ्या बाईचे हात कायम ओरखडलेले. रूपी शाळेतून आली की तास-दीड तास आईबरोबर जोड्या लावायची आणि तिच्याइतका हात कुणाचाच चालत नसे. दहा जोड्या झाल्या की ती जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याचा तुकडा दोरीला बांधायची. दहा हिरवे झाले की ते सोडवून त्यांच्या जागी एक लाल. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या बायकासुद्धा आपल्या वलांडीशी तिला बोलवायच्या आणि विचारायच्या, "रूपी, किती झाले गो?" रूपी दोऱ्यांकडे नजर टाकून सांगायची. कधी चुकली नाही.

शिक्षक यायच्या दिवशी मालूने हे सगळं आवरून टाकलं. वलांडी रिकामी केली. अंगण धुतलं, उदबत्ती लावली. सुट्टीचा दिवस असून रूपीला गणवेश घालून ओसरीवर पुस्तक देऊन बसवलं आणि बजावलं, "बोंबलाचं नाव काढशील तर बघ."

प्राजक्ता मॅडम आल्या, वही घेऊन. ज्यांना शिकायला जास्त वेळ लागतो अशा मुलांचं त्या बघायच्या. पंचविशीतली, बारीकशी, गोड बोलणारी मुलगी. मालू सावध झाली.

"मालूताई, रूपी घरी काय काय करते?"

"अभ्यास."

"तुम्हाला कामात मदत?"

"नाय, नाय. तिला काय येत नाय त्यातलं. काहीच येत नाय."

"बाजार? सामान आणणं, मोजणं?"

"काहीच येत नाय बोलली ना."

मॅडमनी वहीत लिहिलं. मग त्यांचं लक्ष रूपीच्या हातांकडे गेलं. "हे ओरखडे कसले?"

"मांजर," मालू म्हणाली.

घरात मांजर नव्हतं. वाडीतली सगळी मांजरं सुक्या मासळीपाशी असतात आणि त्या दिवशी तिथे मासळी नव्हती. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं आणि तेही लिहून घेतलं. रूपी पुस्तकात डोकं घालून बसली होती. मॅडम गेल्यावर चिमणने येऊन "शाबास वहिनी" म्हटलं आणि मालूला दोन दिवस बरं वाटलं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालकांना शाळेत बोलावलं. वरोरहून डहाणू, डहाणूहून चारोटीची एसटी, असं करत मालू रूपीला घेऊन पोचली. एका वर्गात टेबलं जोडून शिक्षक बसले होते आणि समोर कागदांचे गठ्ठे होते. पांढरे कागद पुष्कळ, पिवळे थोडे. मालूने आत पाऊल टाकताच पहिली गोष्ट ही बघितली, की रूपीचा कागद पिवळा आहे.

"हा पिवळा का?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

सिस्टर लुर्दिना मुख्याध्यापिका होत्या, साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्या म्हणाल्या, "बसा ना मालूताई. काही मुलांचा अभ्यास आम्ही वेगळा आखतो. पुस्तक तेच, पण वाट त्या मुलाची. त्यांचा कागद पिवळा असतो."

'वेगळा' हा शब्द ऐकला आणि मालूच्या मनात पाल चुकचुकली. ती बसली नाही.

गणिताचे नितीन सर तरुण आणि सरळ होते. सरळ माणसं कधीकधी फार घाण करून ठेवतात. ते म्हणाले, "मालूताई, स्पष्ट बोलतो. आकडेच ओळखता येत नाहीत, तर नववीचं गणित तिला झेपणार नाही. धरून पुढे जाण्यासारखं आम्हाला काही मिळालंही नाही. तुम्हीच सांगितलंत तसं. त्यापेक्षा मुक्त विद्यालयातून दहावी करता येते. घरून. तिला ताण नाही, आरामात होईल."

घरून. आरामात.

मालूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांपूर्वीचे गुरुजीच मिशी काढून तिच्यासमोर बसले होते.

"अजून ठरलेलं नाही," सिस्टर घाईने म्हणाल्या. "पाच वाजता कागद पक्के करायचे आहेत. त्याआधी तुमच्याशी बोलायचं म्हणूनच तर..."

"बोलायचं काय त्यात? मला ठाऊक होतं! पोरगी आली तेव्हापासून ठाऊक होतं! निकाल शंभर टक्के लावायचा ना तुम्हाला? मग आमची घाण दारात कशाला?" मालूचा आवाज व्हरांड्यात गेला. तिने टेबलावरचा पिवळा कागद ओढून घेतला, घडी करून कमरेला खोचला, रूपीचा हात धरला आणि तरातरा बाहेर पडली. मागून प्राजक्ता मॅडम "मालूताई, थांबा, तो कागद..." म्हणत फाटकापर्यंत आल्या. म्हणजे कागदात काहीतरी लपवण्यासारखं आहे, हे मालूला पक्कं कळलं.

डहाणूची एसटी लगेच मिळाली. दोघींना जागाही मिळाली. रूपी खिडकीशी बसली. मालूने कागद उघडला. कुणाला वाचायला द्यायचा नाही, हे नक्की. चिमणला तर नाहीच, तो नाक्यावर वाचून दाखवेल. ती स्वतःच बोट ठेवून वाचू लागली. तिला मनात वाचता यायचं नाही, ओठांनी वाचावं लागायचं, आणि गाडीच्या आवाजात जरा मोठ्याने.

कागदावर चार रकाने होते. काय येतं. काय येत नाही. वर्षाच्या शेवटी काय यायला हवं. त्यासाठी शाळा काय करेल.

दुसरा रकाना गच्च भरलेला होता. तिसरा आणि चौथा कोरे. मालू पहिल्यावर आली.

"काय... येतं," तिने वाचलं. "आ-ई सां-ग-ते... का-ही-च... ये-त... ना-ही."

तिला वाटलं, आपण चुकलो. तिने पुन्हा बोट ठेवलं. तेच होतं. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. "हा-ता-व-र... ओ-र-ख-डे. आई म्हण-ते मां-जर. घ-री मां-जर... दि-स-लं नाही. मु-ली-ला... घ-री त्रा-स आहे का... पा-ह-णे."

मालूची कानशिलं तापली. म्हणजे ती त्यांच्यावर डोळा ठेवून होती, तेव्हा तेही तिच्यावर ठेवून होते. पोरीला छळणारी आई! तिला रागाने काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात तिला जाणवलं, की रूपी तिच्याकडे बघते आहे. रूपीने सगळं ऐकलं होतं. अक्षरं तिला लागत नव्हती, पण कान तिचे तल्लख होते.

"तू बोललीस तेच लिहिलंय ना?" रूपी म्हणाली. "मला काहीच येत नाय म्हणून?"

"अगो, ते त्यांनी नाव लिहून नेऊ नये म्हणून..."

"मी ओसरीवर होते. मला वाटलं, मॅडमला फसवतेस." रूपीने तोंड खिडकीकडे फिरवलं. "पण तू त्यांच्याकडे बघून बोललीस ना, तेव्हा मला ते खरंच वाटलं."

गुरुजींनी निदान मायेने सांगितलं होतं आणि फक्त एका दिवसापुरतं सांगितलं होतं. मालूने आपल्या तोंडाने, दोनदा, पोरीच्या समोर सांगितलं होतं आणि वर उदबत्ती लावली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की गाडीतल्या माणसांची भीड सुटली आणि ती ओरडली, "कंडक्टर, गाडी थांबवा!"

"आशागडला थांबेल. मधे स्टॉप नाही."

आशागडला दोघी उतरल्या. समोरून चारोटीकडे जाणारी रिक्षा आली, त्यात आधीच सहा माणसं होती. मालू सातवी आणि रूपी तिच्या मांडीवर अशी बसली. मोठी झालेली पोर मांडीवर अवघडली होती, पण उठून जायला जागा नव्हती. मालूने एकदाही भाडं विचारलं नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं.

पाचला वीस मिनिटं होती. वर्गात पंखा चालू होता आणि शिक्षक चहा पीत होते. मालूने पिवळा कागद टेबलावर आपटला.

"आधी ते मांजर खोडा," ती म्हणाली.

प्राजक्ता मॅडमचा चेहरा उतरला. त्या काही बोलायच्या आत मालूने आपले दोन्ही हात पुढे केले आणि रूपीचे हात त्यांच्या शेजारी ठेवले. दोघींच्या बोटांवर सारखेच बारीक ओरखडे होते. "बोंबलाचे दात आहेत हे. माझ्याबरोबर वलांडीवर जोड्या लावते. शाळेतून आल्यावर, तास-दीड तास. केस करायची तर माझ्यावर करा. मी खोटं बोलले. तिला येतं."

"काय येतं?" सिस्टरनी विचारलं.

मालूने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती रूपीला म्हणाली, "तूच सांग."

रूपी सांगेना. ती दाराशी उभी होती आणि आईकडे बघत नव्हती. शेवटी नितीन सरांनी चहाचा कप ठेवला. "रूपी, तीनशे चाळीस बोंबील आले. जोड्या किती?"

"एक लाल, सात हिरवे," रूपी लगेच म्हणाली.

सरांनी मान हलवली. त्यांना वाटलं, झालं, हेच मी म्हणत होतो. मग रूपीने स्कर्टच्या खिशातून जाळ्याच्या दोऱ्याचे तुकडे काढले आणि टेबलावर मांडले. खिशात असे तुकडे कायमच असायचे. "दहा जोड्यांना हिरवा. दहा हिरव्यांचा लाल," ती म्हणाली. सरांनी तुकड्यांकडे बघितलं, ओठ हलवले, आणि चहा तसाच राहिला. एकशे सत्तर.

"नऊशे साठ?"

"चार लाल. आठ हिरवे."

"यातले दोनशे दहा काढून घेतले तर?"

रूपीने क्षणभर डोळे मिटले. "तीन लाल, सात हिरवे, पाच जोड्या सुट्या."

सरांनी हे कागदावर करून बघितलं आणि मग रूपीला पहिलंच उत्तर आकड्यात लिहायला सांगितलं. एकशे सत्तर. रूपीने एकशे सात लिहिलं.

"पेपरात हे चूकच धरतील," नितीन सर हळूच म्हणाले.

"दहावीला अजून दोन वर्षं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "आणि पहिल्या रकान्यात 'काहीच नाही' असलं की शेवटचे दोन भरताच येत नाहीत, हे मी दरवर्षी सांगते. तिला येतं तिथून सुरुवात करायची. कुठून करायची ते आज कळलं."

नितीन सरांनी कागद आपल्याकडे ओढला. मुक्त विद्यालयाची ओळ त्यांनी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवली होती, ती रबराने खोडली. चौथ्या रकान्यात ते बराच वेळ लिहीत होते. शतक लाल, दशक हिरवं, एकक सुटं, आधी दोरे आणि मग आकडे, असं काहीसं. मालू त्यांच्या खांद्यावरून प्रत्येक अक्षरावर नजर ठेवून होती.

मग सिस्टरनी पेन तिच्यापुढे धरला. "पहिला रकाना घरच्यांनी भरायचा. तुम्ही लिहा."

मालूने पेन घेतला. उभ्याने लिहिता येईना, म्हणून ती पुढच्या बाकावर बसली. बाक मुलांच्या मापाचा होता आणि तिचे गुडघे खाली अडकले. आधी तिने 'आई सांगते काहीच येत नाही' या ओळीवर एक रेघ मारली. मग दुसरी मारली. मग आणखी चार-पाच मारल्या, इतक्या की कागद फाटेल म्हणून प्राजक्ता मॅडम पुढे झाल्या. त्याच्याखाली ती लिहू लागली. अर्धा तास लागला असेल. पाच वाजून गेले. कुणी तिला घाई केली नाही.

"याची झेरॉक्स मला द्या," लिहून झाल्यावर ती म्हणाली. "माझा अजून तुमच्यावर भरवसा नाय."

"देते," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतः उठून मशीनपाशी गेल्या.

परतीच्या एसटीत रूपी पुन्हा खिडकीशी बसली. चिकूच्या वाड्या मागे पडत होत्या. तिने खिडकीतून नजर न काढता विचारलं, "काय लिहिलंस?"

मालूने कमरेची झेरॉक्स काढली, मांडीवर उलगडली आणि बोट ठेवलं.

"रू-पी-ला," तिने वाचलं, गाडीच्या आवाजात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. समोरच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून बघितलं. "रू-पी-ला... मो-ज-ता... ये-तं. मा-झ्या-पे-क्षा... चां-ग-लं... ये-तं."

"पुढे?"

"पुढे जागा नव्हती."

रूपीने आपलं बोट आईच्या बोटाशेजारी त्या पहिल्या रकान्यात ठेवलं आणि म्हणाली, "परत वाच."